गटिंगच्या खोलीतून ऐकलेली फायनल

पेपरात दुहेरीचा निकाल एका ओळीत येतो. आधी एकेरीच्या विजेत्याचा फोटो, मग त्याची मुलाखत, मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण, आणि सगळ्यात शेवटी, जागा उरलीच तर, 'दुहेरी अंतिम फेरी' म्हणून चार आडनावं आणि पुढे आकडे. गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरात व्यावसायिक पुरुष टेनिसपटूंची स्पर्धा झाली. तिच्या दुहेरीचा निकालही असाच छापून आला: सहा-चार, सहा-सात, अकरा-नऊ. चारांतलं एक आडनाव चुकलेलंही होतं. ती ओळ वाचून मी दुकानात एकटाच मोठ्यांदा हसलो. कारण त्या आकड्यांमधला जवळजवळ प्रत्येक पॉइंट माझ्या कानांवरून गेला होता. डोळ्यांनी मात्र मी एकही पाहिला नव्हता.

माझा धंदा गटिंगचा. म्हणजे रॅकेटला तारा बसवायचा. उस्मानपुऱ्यात माझं खेळाच्या सामानाचं लहानसं दुकान आहे. बाहेर कॅरमची पावडर, क्रिकेटच्या बॅटी आणि शाळेच्या ट्रॉफ्या दिसतात, पण माझा जीव आतल्या मशीनमध्ये. शहरात किंवा आसपास मोठी टेनिस स्पर्धा आली की आयोजक मला बोलावतात. मी मशीन टेम्पोत घालून जातो आणि आठवडाभर कोर्टाच्या मागच्या एखाद्या खोलीत तंबू ठोकतो. ज्यांनी हा खेळ फक्त टीव्हीवर पाहिलाय त्यांना वाटतं, रॅकेट एकदा घेतली की झालं. अहो, हे धंदेवाईक खेळाडू जवळजवळ रोज तारा काढून नव्या घालतात. तार ताणून बसवायची असते आणि तो ताण पाऊंडात मोजतात. कुणाला पन्नास लागतो, कुणाला छप्पन्न. एका पाऊंडाचा फरक तुम्हा-आम्हाला जन्मात कळणार नाही, पण त्यांना पहिल्याच चेंडूला कळतो आणि मग ते रॅकेट घेऊन माझ्या दारात उभे राहतात.

हे काम मला रशीदभाईंनी शिकवलं. त्यांच्या काळी मशीन नव्हतं. लाकडी खुंट्या, एक आरी आणि दोन मजबूत हात. तार बसली की ते अंगठ्यानं छेडायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "अभी बोल रही है. अब बांध दे." त्यांच्यानंतर त्यांची 'उस्ताद' ही पदवी गिऱ्हाइकांनी मला चिकटवली. मी तितका उस्ताद नाही, पण ऐकायची खोड मात्र त्यांच्याकडून लागली ती लागलीच.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक उंच गोरा खेळाडू रॅकेट माझ्या हातात देण्याआधी तिच्याशी दोन मिनिटं कुजबुजायचा. मी एकदा विचारलं, काय सांगतोस रे तिला? तर म्हणाला, घाबरू नको म्हणतो. दुसऱ्या एकाला रॅकेट कधीच आडवी ठेवलेली चालायची नाही, झोपलेली रॅकेट मॅचमध्येही झोपते म्हणे. एका वर्षी भर स्पर्धेत वीज गेली आणि जनरेटरही रुसला. तेव्हा मी रिक्षा काढून दुकानात गेलो, हातानं फिरवायचं जुनं मशीन मांडीवर घेऊन आलो आणि रात्री हात वर उचलवेना इतक्या रॅकेट केल्या. आयोजकांनी मला हार घातला. हार घालताना माझं नाव मात्र चुकीचं घेतलं. असो, चुकीच्या नावांशी आमचं नातं जुनंच आहे.

या धंद्यात एक दुःख आहे, ते सांगून टाकतो. इतक्या स्पर्धा केल्या, पण फायनल म्हणून एकही धड पाहिली नाही. मॅच रंगते तेव्हाच तारा तुटतात आणि तारा तुटल्या की मी खोलीत. अर्ध्या ताणलेल्या तारांची रॅकेट मशीनवर सोडून उठता येत नाही, चौकट वाकते. त्यामुळे माझी खोली जिथं असेल तिथून जे ऐकू येईल ती माझी मॅच. आता सवय झालीय. चेंडू मधोमध लागला की आवाज भरीव येतो, कडेला लागला की चिरका. आणि टाळ्या तर सगळंच सांगतात. आपल्या माणसानं पॉइंट घेतला की टाळ्या फुटतात. पाहुण्यानं घेतला की त्या वाजवल्या जातात.

गेल्या हिवाळ्यातली स्पर्धा पडेगावच्या रस्त्याला लागून असलेल्या एका खासगी क्लबच्या कोर्टांवर होती. माझी खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली. खोलीत जुन्या जाळ्यांच्या गुंडाळ्या, चुन्याची पोती आणि वरती भिंतीला एक झरोका. झरोक्यातून दिसायचा फक्त पायऱ्यांच्या खालचा सिमेंटचा भाग, पण ऐकू मात्र अगदी कोर्टावर बसल्यासारखं यायचं.

या स्पर्धेत आमचा नितीन होता. आमचा म्हणजे गंगापूरचा. त्याच्या पहिल्या रॅकेटपासूनचं गटिंग माझ्याकडे. त्याचे वडील आबा लाल गाडीवर कंडक्टर होते, गंगापूर ते शहर ही त्यांची फेरी. पोराच्या रॅकेटची तार तुटली की आबा ती ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला अडकवून आणायचे, सकाळच्या फेरीला माझ्या दुकानात टाकायचे आणि संध्याकाळच्या फेरीला घेऊन जायचे. कामाला लागताना ते नेहमी एकच सांगायचे, "उस्ताद, घट करा, पन पोराचा हात दुखंल इतकी नगा करू." माणूस मोठा बोलका. बसमधल्या गर्दीत त्यांचा आवाज शेवटच्या शीटपर्यंत पोहोचायचा, त्याचंच त्यांना पुढं महागात पडलं.

नितीन शाळेत असतानाची गोष्ट. राज्याच्या स्पर्धेत तो जिंकत आला होता. निर्णायक टायब्रेकमध्ये दोघांचे सारखे गुण झालेले. आबा जाळीच्या बाहेर उभे. पोरगं मागेच खेळतंय हे त्यांना बघवेना. ते ओरडले, "म्होरं जा, नित्या! म्होरं जा!" त्या काळी खेळ चालू असताना बाहेरून सल्ला देणं नियमात बसत नव्हतं. पंचांनी ताकीद दिली. आबांना ताकीद म्हणजे काय तेच कळलं नाही, त्यांना वाटलं पंचांना ऐकू आलं नसावं. ते आणखी मोठ्यांदा ओरडले. पंचांनी समोरच्या मुलाला पॉइंट देऊन टाकला आणि पुढच्या चेंडूला नितीन हरला. परत जाताना बसमध्ये पोरगं खिडकीकडे तोंड करून बसलं आणि गंगापूर आल्यावर एवढंच म्हणालं, "आबा, तुम्ही परत मॅचला येऊ नका."

आबा परत गेले नाहीत. नितीन मोठा झाला, व्यावसायिक झाला, देशभर हिंडला, बाहेरदेशीही जाऊन आला. आबा निवृत्त झाले. पण त्याची एकही मॅच त्यांनी पाहिली नाही. मी एकदा म्हटलं, "आबा, लेकरू होतं तेव्हा. रागात बोललं. आता जा की." तर मान हलवून म्हणाले, "नाय वो. म्या बोललो की त्याचा पॉइंट जातो. अन् म्या गप ऱ्हाऊ शकत नाय, हे तुमाला बी ठावं हाय." तेव्हापासून घरातही ते नितीनशी खेळाविषयी बोलेनासे झाले.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी नितीन तीन रॅकेट घेऊन माझ्या खोलीत आला. आता तो तिशीला टेकलेला. एकेरीत पात्रता फेरीतच गारद झाला होता. "काका, बावन्न," म्हणाला. मग स्टुलावर बसला आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाला, "हे शेवटचं. एका शाळेत कोचची जागा मिळतेय, सोमवारी रुजू व्हायचंय. दुहेरी जिंकलो तर बघू, नाहीतर बास."

माझा हात मशीनवरच थांबला. "आबा काय म्हणाले?"

"आबा काय म्हणणार? ते टेनिसचं नावच काढत नाहीत. त्यांनाही हे एकदाचं संपलेलं बरं वाटेल."

बाप-लेकाच्या मधे तार ओढायला मी कोण? पण त्या दिवशी मला काम सुचेना, एवढं खरं.

दुहेरीत त्याचा जोडीदार होता लुका, क्रोएशियाचा. त्याचा ठरलेला साथीदार आलाच नाही, म्हणून तो नावं नोंदवायच्या टेबलापाशी केविलवाणा उभा होता. नितीनलाही जोडीदार नव्हता. मुदत संपता संपता दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लग्न लागलं. दुहेरीत मधोमध आलेला चेंडू कुणी घ्यायचा हे ओरडून सांगावं लागतं. नितीननं त्याला 'माझा' आणि 'तुझा' हे दोन शब्द शिकवले. लुकाला पहिला शब्द भलताच आवडला. डावीकडे, उजवीकडे, नितीनच्या पायाशी, कुठंही चेंडू आला की हा गडी "माझाऽ!" म्हणून धावायचा. दुसऱ्या दिवशी प्रेक्षकही त्याच्याबरोबर "माझाऽ!" ओरडायला लागले. तिसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं बाकावर उभी राहिली. आणि बघता बघता ही टेबलापाशी जमलेली जोडी फायनलला आली!

फायनल सकाळची. मी मशीन सुरू करतोय तोवर दारात आबा. डोक्याला मफलर, हातात पिशवी, आणि चेहरा असा की इस्पितळात कुणाला तरी ठेवून आलेत.

"पोराला सांगू नका. म्या हितंच बसतो. बगनार नाय. नुसतं ऐकतो."

मी एका जाळीच्या गुंडाळीवर त्यांना जागा करून दिली. ते मशीनच्या मागे, दारातून दिसणार नाहीत असे बसले. समोरची जोडी जर्मन, दोघं ताडमाड. त्यातला दाढीवाला सर्व्हिस करायचा तेव्हा माझ्या डब्यातल्या तार धरायच्या क्लिपा थरथरायच्या, आता तुम्हीच समजा.

पहिला सेट गेला. चार-सहा. टाळ्या वाजवल्या गेल्या.

"कुनाचा?" आबांनी विचारलं.

"त्यांचा."

"म्या हितं आल्यामुळं झालं आसंल का वो?"

"आबा, तुम्ही सिमेंटच्या भिंतीमागं आहात. गप बसा."

दुसरा सेट सुरू झाला आणि वातावरण बदललं. "माझाऽ!" आणि लगेच भरीव आवाज, आणि टाळ्या फुटल्या. पुन्हा "माझाऽ!" पुन्हा फुटल्या. आबांचा गुडघा हलायला लागला. मी बोटांवर गेम मोजत होतो. दोन-दोन, तीन-तीन. एवढ्यात दार ढकलून स्वयंसेवक मुलगी आत आली, हातात रॅकेट. दाढीवाल्याची. तार तुटलेली. मी ती घेऊन मशीनवर चढवली, तर ती पोरगी धापा टाकत परत दारात, दुसरी रॅकेट घेऊन. "उस्ताद, नितीनसरांची. एकीची तार आधीच तुटलीय, ती त्यांच्या बॅगेतच राहिली, ही दुसरी. आता एकच राहिली, तीही जुन्या तारांची. लवकर म्हणाले."

आबांनी रॅकेटकडे पाहिलं. मग मशीनवरच्या जर्मन रॅकेटकडे. मग माझ्याकडे.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. मॅच चालू असताना आलेली रॅकेट सगळ्यांच्या आधी, आणि दोन आल्या तर जी आधी आली ती आधी. ती कुणाची आहे हे बघायचं नाही. हा नियम मोडणारा माणूस या खोलीत पुन्हा बसू शकत नाही. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला तो नियम कडू लागला. नितीनला मी चड्डीत असल्यापासून ओळखतो आणि त्याचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका सकाळवर टांगलेलं. माझी बोटं चिमट्यावर तशीच राहिली.

आबाच बोलले. "बगता काय? लायनीत जो म्होरं हाय त्याचं आधी. माज्या गाडीत म्या सोताच्या बायकूला बी मदे घुसवली नाय कदी."

मी जर्मन रॅकेट केली. आयुष्यात इतक्या वेगानं केली नसेल. उभ्या तारा, आडव्या तारा, गाठ, कात्री, आणि पोरगी घेऊन पळाली. मग नितीनची चढवली. तुटलेल्या तारा मधूनच कापायच्या असतात, एका बाजूच्या आधी काढल्या तर चौकटीवर ताण येतो. कापल्या, नवी तार ओवली. बाहेर सहा-सहा झालं होतं आणि टायब्रेक चालू झाला होता. नितीनच्या हातात जुनी, सैल पडलेली रॅकेट. आवाज ओळखू येत होता, दबका, थकलेला. पण त्याच रॅकेटनं तो खेळत होता, आणि लुका "माझाऽ! माझाऽ!" करत सगळं कोर्ट पायाखाली घालत होता. आबा उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले. आणि मग जो आवाज आला तो टाळ्यांचा नव्हताच. पायऱ्यांवर सगळे पाय आपटत होते. वरून आमच्या डोक्यावर चुन्याची धूळ पडली.

"सेट आपला, आबा! सात-सहा!"

आबांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. ओरडू नये म्हणून.

एकेक सेट झाला की दुहेरीत तिसरा पूर्ण सेट खेळत नाहीत. दहा गुणांचा टायब्रेक होतो, आणि दहावर दोनांचा फरक नसेल तर तो पडेपर्यंत चालतो. त्याआधी खेळाडूंना बाथरूमला जाता येतं, बरोबर एक अधिकारी असतो. बाथरूम माझ्या खोलीला लागून. माझ्या आडव्या तारा अजून निम्म्या बाकी. आणि दारात नितीन उभा, घामानं निथळत. "काका, किती वेळ ला..."

वाक्य तिथंच राहिलं. त्यानं मशीनच्या मागे पाहिलं.

आबा चुन्याच्या पोत्यांकडे तोंड करून उभे राहिले. एवढा मोठा माणूस, भिंतीकडे तोंड! म्हणाले, "म्या काय बोलत नाय. बगत बी नाय. तू जा. तुजा खेळ कर."

मी खाली बघून तार ओढत राहिलो. मागे अधिकारी घड्याळ दाखवायला लागला होता.

"आबा," नितीन म्हणाला, "सगळ्या मॅचेसना हितंच बसला होता?"

"नाय. आजच. येकच."

नितीननं चेहऱ्यावरून टॉवेल फिरवला. जरा जास्तच वेळ फिरवला. मग म्हणाला, "नियम बदललाय, आबा. आता बाहेरून बोललेलं चालतं. पॉइंट जात नाही."

आबा वळले. "काय सांगतूस?"

"खरंच. खेळाडूच्या माणसासाठी गेटजवळ खुर्ची असते. माझी आठवडाभर रिकामीच आहे." तो दारातून निघाला आणि जाता जाता म्हणाला, "काकांची झाली की रॅकेट तुम्हीच घेऊन या."

त्या उरलेल्या आडव्या तारा मी कशा ओढल्या ते माझं मला माहीत. डोळ्यांसमोर सगळं धूसर आणि बोटं आपोआप चाललेली. गाठ मारली, तार कापली, अंगठ्यानं छेडली. बोलत होती. आबांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि चालू लागले. दारात थांबून मफलर सोडला, केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "उस्ताद, बोलताना हळू बोलायचं का मोट्यांदा?"

"तुम्हाला हळू येतं का?"

"नाय."

"मग झालं तर."

ते गेले. आता माझ्या मशीनवर काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा फायनलच्या टायब्रेकला माझे हात मोकळे होते! मी दिवा बंद केला, दाराला हात घातला, आणि समोर ती स्वयंसेवक मुलगी. हातात दाढीवाल्याची दुसरी रॅकेट. "उस्ताद, अर्जंट."

मी तिच्याकडे असं पाहिलं की ती एक पाऊल मागे सरली. मग दिवा लावला आणि रॅकेट मशीनवर चढवली. करता काय!

पण काय टायब्रेक होता तो! नवी रॅकेट कोर्टावर पोहोचल्याचं मला पहिल्या चेंडूलाच कळलं. ठण्ण! माझी तार. हजार आवाजांत ओळखेन. तीन-एक आपण. मग त्यांचे लागोपाठ दोन पॉइंट, तीन-तीन. "माझाऽ!" पाच-तीन. मग एक चिरका आवाज आणि प्रेक्षकांचं "अरेरेऽ". पाच-पाच, सहा-सहा, सात-सात. मी तार ओढत होतो आणि मोठ्यांदा आकडे म्हणत होतो, खोलीत कुणी नसताना. आठ-आठ. आणि मग टाळ्या नुसत्या वाजल्या. आठ-नऊ. जर्मनांचा मॅच पॉइंट.

सगळं गप्प झालं. आणि त्या शांततेत, झरोक्यातून, भिंतीतून, सिमेंटमधून, बसच्या शेवटच्या शीटपर्यंत पोहोचणारा तो आवाज आला.

"म्होरं जा, नित्या! म्होरं जा!"

जुना सगळा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. पंच आता काही बोलतील म्हणून मी वाट बघत राहिलो. पंच काही बोलले नाहीत. सर्व्हिस झाली. परतीचा फटका, ठण्ण. बुटांचा आवाज, धाडधाड पुढे जाणारा. आणि मग एक आखूड, कोरडा आवाज, टप्! जाळीजवळून चेंडू खाली मारल्याचा. मॅच पॉइंट वाचला, नऊ-नऊ! वरचे पाय पुन्हा सुरू झाले. माझ्या डोळ्यांत धूळ गेली का आणखी काही, कोण जाणे, पण मला काही दिसेना.

पुढचे दोन पॉइंट लवकर झाले. दाढीवाल्याची सर्व्हिस, क्लिपा थरथरल्या. टाळ्या वाजल्या. मग लांबलचक रॅली, "माझाऽ!", आणि शेवटी चेंडू जाळीत अडकल्याचा तो मऊ, मेलेला आवाज. टाळ्या पुन्हा वाजल्या. बराच वेळ, सभ्यपणे. आकडे सांगायची गरजच नव्हती. नऊ-अकरा.

मी मशीनवरची दाढीवाल्याची रॅकेट पूर्ण केली. न्यायला कुणी येणार नव्हतं, तरी केली, अर्धं काम टाकून उठता येत नाही. आणि करताना मनात आबांना काय सांगायचं ते जुळवत होतो. बिचारा माणूस एवढ्या वर्षांनी एक मॅच बघायला गेला आणि पोराची शेवटची ठरली. म्हटलं, सांगू, हार-जीत चालायचीच, शाळेतली नोकरी वाईट नाही. असलंच काहीतरी, जे ऐकून कुणालाच बरं वाटत नाही.

दार धाडकन उघडलं. आबा. मफलर गळ्यात, चेहरा लालबुंद.

"उस्ताद! बगितलं का? न्हाय, तुमी कसं बगनार! आवो, म्या बोललो अन् त्यो म्होरं गेला! म्या बोललो अन् पॉइंट आला! माज्या बोलन्यानं पॉइंट आला, उस्ताद!"

"पण आबा, मॅच..."

"मॅच हारलो की. दोन पॉइंटांनी. लई भारी खेळले ते, त्यो दाढीवाला तर बाप मानूस. पन आपलं पोरगं काय खेळतं वो! मला कुनी सांगितलंच नाय येवढे दिवस!"

मी सांगितलं होतं, नेहमीच. पण ते आता कुठं बोलायचं.

त्यांच्या मागून नितीन आला. खांद्यावर बॅग, हातात उपविजेत्याची पिटुकली ढाल. त्यानं ढाल चुन्याच्या पोत्यावर ठेवली आणि तिन्ही रॅकेट काढून माझ्यासमोर मांडल्या.

"काका, तिन्हीत नव्या तारा घाला. रविवारी पुण्याला निघायचंय, पुढची स्पर्धा तिथं."

"आणि सोमवारची शाळा?"

"शाळा काय पळून जातीय?" आबा मधेच म्हणाले. "म्या फोन करून सांगनार हाय त्यांना. अजून येक साल. लुका बी येतोय. अन् म्या बी."

नितीन माझ्याकडे बघून हसला. दमलेला होता, हरलेला होता, आणि शाळेतल्या पोरासारखा हसत होता. "कोर्टावरून इथपर्यंत यायला लागला तेवढ्या वेळात ठरलंय. मला कुणी विचारलं नाही."

मी पहिली रॅकेट मशीनवर चढवली. "किती पाऊंड?"

नितीननं तोंड उघडलं, पण आबा आधी बोलले. "एक्कावन करा. थंडी हाय."

"आबा, बावन्न."

"एक्कावन! जाळीपाशी हात मऊ लागतो. म्या आत्ताच बगितलं नव्हं?"

नितीननं माझ्याकडे पाहिलं. मी आबांकडे पाहिलं. मग मी मशीनचा काटा एक्कावन्नवर आणला, आणि दोघंही माझ्या डोक्यावर उभे राहून पहिल्या पॉइंटपासून मॅचवरून भांडायला लागले. मी तार ओढत ऐकत राहिलो.